जिन्याखालचे कपाट : सोय, शोभा आणि सुरक्षितता

खाली दुकान किंवा कारखाना आणि वर राहते घर, अशी आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची राहणी आहे. अशा घरात एक जागा हमखास वाया जाते, ती जिन्याखालची. तुटकी खुर्ची, रिकामी खोकी आणि न खपलेल्या मालाचे गठ्ठे तेथे जमत जातात. याच जागेचे घराला शोभेल असे कपाट कसे करावे, हे या लेखात पाहू.

पहिला प्रश्न

सुताराला बोलावण्याआधी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा : वरच्या माणसांना बाहेर पडायला हा जिना सोडून दुसरी वाट आहे काय? आग व धूर नेहमी वर चढतात आणि जिन्याची पोकळी धुराड्याचे काम करते. दुसरी वाट नसेल, तर जिन्याखाली कापड, कापूस, फोम, पुठ्ठा यांचा साठा करू नये. भांडी, लोखंडी अवजारे, शिवणयंत्राचे सुटे भाग अशा न पेटणाऱ्या वस्तू ठेवाव्यात. जिना लाकडी असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

काही गोष्टी मात्र कोणत्याही जिन्याखाली नकोतच. गॅसचा सिलिंडर नको, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खालीच साचतो. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी बंद कपाटात नको, कारण चार्ज होताना तिच्यातून ज्वालाग्राही वायू सुटतो. विजेवरच्या स्कूटरची बॅटरीही तेथे चार्ज करू नये. विजेचा मीटर आधीपासून तेथेच असेल, तर तेवढा भाग मोकळा सोडून कपाट त्यापासून दूर घ्यावे. इमारतीचा सामाईक जिना तर सर्वांच्या वाटेचा. त्याखाली कपाट करूच नये.

मोजमाप

पायरीची उंची 7 इंच व रुंदी 10 इंच असेल, तर दर फुटामागे उतार सुमारे साडेआठ इंच येतो. म्हणजे सात फूट लांबीत आतली उंची साडेसहा फुटांपासून दीड फुटावर येते. या लांबीचे तीन सारखे भाग करावेत : उंच भागात दार, मधल्या भागात फळ्या आणि सखल भागात खण.

खरी अडचण खोलीची असते. जिना तीन फूट रुंद असला की मागे ठेवलेली वस्तू वर्षभर हाती लागत नाही. म्हणून मधल्या व सखल भागात चाकांवर पुढे ओढता येणारे खण करावेत.

दुसरी वाट आहे आणि थोडा माल ठेवायचा आहे, अशा कापडवाल्यांनी पन्ह्याचा हिशेब धरावा. 58 इंची पन्ह्याचे कापड दुमडून फळीवर गुंडाळले की ताका सुमारे 29 ते 30 इंच होतो. तो तीन फुटांच्या खोलीत आडवा सरकतो व त्याचे टोक समोर राहते, त्यामुळे रंग ओळखून ताका काढता येतो. न दुमडलेला रोल उभा ठेवायचा तर उंच टोकाकडचा दीड फूटच उपयोगी पडेल. दुकानाच्या मालाचा विमा असेल, तर घरी ठेवलेला माल त्यात धरला आहे काय, हेही विचारून घ्यावे. विम्याच्या कागदावर जागेचा पत्ता असतो. दुसऱ्या पत्त्यावरचा माल न कळवता ठेवला, तर भरपाईत अडचण येते.

ओल आणि वाळवी

कपाटाचा तळ जमिनीपासून चार इंच उचलावा आणि बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच फट सोडावी. शेजारी न्हाणीघर असेल, तर नळाची गळती आधी दुरुस्त करावी. नव्या गिलाव्याची ओल पूर्ण सुकल्याशिवाय काम सुरू करू नये. प्लायवूड आय.एस. 710 छापाचे, म्हणजे मरीन प्रतीचे, घ्यावे. महाग पडते, पण बुरशीने डागाळलेला एक ताका किती नुकसान करतो ते आम्हा कापडवाल्यांना ठाऊक आहे. पावसाळा सरला की सर्व माल बाहेर काढून हवा द्यावी.

शोभा

कपाट भिंतीत मिसळून जावे, ते ठेवलेले दिसू नये. यासाठी दारांना भिंतीचाच रंग द्यावा. जमिनीलगतची पट्टी भिंतीवरून तशीच कपाटावर न्यावी. दारांच्या फटी सरळ उभ्या ठेवाव्यात आणि वरची कड जिन्याच्या उताराला समांतर असावी. मुठीऐवजी दाराच्या कडेला बोटे जातील अशी खाच पाडावी.

दाराच्या वर व खाली लाकडी जाळी बसवावी. जाळीचे काम आपल्या कारागिरांच्या हातचे आहे. कठड्याची नक्षी जाळीत उतरवली की जिना व कपाट एकाच घडणीचे वाटतात आणि आत हवाही खेळते. दाराऐवजी पडदा स्वस्त पडतो, पण त्यातून सामानाचे फुगवटे दिसतात आणि ठिणगी लागली तर तोच आधी पेटतो.

शिलाईवाल्या बांधवांसाठी एक खास गोष्ट. तुमच्याकडे आलेले गिऱ्हाइकाचे कापड ही अमानत आहे. ती जिन्याखाली कोंबू नये. नावाची चिठ्ठी लावून दुकानात, नजरेसमोरच्या फळीवर ठेवावी.

सारांश, आधी बाहेर पडण्याची वाट, मग वस्तूंची यादी, मग माप आणि शेवटी रंग-नक्षी. हा क्रम कागदावर लिहून मिस्त्रीच्या हाती द्यावा आणि त्यानंतरच लाकूड कापायला सांगावे.