दालचिनीचा पाव आणि परंड्याचा उन्हाळा

मेसच्या पोळीवर टीका करण्यात आपण सगळे पीएच.डी. आहोत. पण पाव फुगतो कसा, असं विचारलं तर केमिकलवाले सोडून बाकीच्यांची बोलती बंद होते! म्हणून या लेखात एकच पदार्थ घेऊन त्यामागचं शास्त्र पाहू. पदार्थ आहे दालचिनीचा गोड पाव. स्वीडनमध्ये तो इतका लाडका आहे की १९९९ पासून दरवर्षी ४ ऑक्टोबरला त्याचा खास दिवस साजरा होतो. आपली प्रयोगशाळा मात्र परंडा, जिल्हा धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद).

परंड्यात माझी मावशी चहाचा गाडा चालवते. टोस्ट आणि खारी बाहेरून येते, त्यात तिला सुटतात ते किरकोळ पैसे. घरचं काही विकता आलं तर चार पैसे जास्त उरतील, हा तिचा सरळ हिशेब. ओव्हन घ्यायची ऐपत नाही आणि विजेचा भरवसा नाही. सुट्टीत गेलो तेव्हा ती म्हणाली, "इंजिनीअर होणार न्हवं तू? मग बिगर ओव्हनचा पाव करून दाव की!" प्रश्न रास्त होता, म्हणून वही काढली.

ज्वारी का चालत नाही?

आमच्याकडे घरोघर ज्वारीची भाकरी. मावशीचा पहिला प्रश्न हाच, की ज्वारीचाच पाव का नको? कारण असं की गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. पाणी घालून मळलं की त्यांचं रबरासारखं जाळं तयार होतं. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. वायू या जाळ्यात अडकतो आणि गोळा फुगतो. ज्वारीत हे जाळं बनत नाही. म्हणून तर भाकरीसाठी गरम पाणी घालून पिठातल्या स्टार्चचा चिकटपणा वापरतात. भाकरी रगडणारा हात पाव मळायला मात्र एकदम तयार असतो. दहा मिनिटं मळूनही मावशी थकली नाही, मी थकलो!

यीस्ट म्हणजे कोण?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. ती साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडते. गोव्यात १५१० मध्ये पोर्तुगीज आले. 'पाव' हा शब्द त्यांच्याच भाषेतला. तिथले पोदेर पूर्वी पीठ फुगवायला माडाची ताडी वापरत, कारण ताडीत यीस्ट आयतंच असतं. एदुआर्द बुखनर यांनी १८९७ मध्ये दाखवलं की यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही किण्वन होतं. म्हणजे काम करतात ती पेशीतली एन्झाइम्स. याबद्दल त्यांना १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता थोडं गणित. ग्लुकोजच्या एका रेणूपासून कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू मिळतात. १८० ग्रॅम ग्लुकोजमागे ३० अंशाला साधारण ५० लिटर वायू! आपला गोळा जेमतेम अर्धा लिटर आकारमानाचा. तो दुप्पट व्हायला अर्धा लिटर वायू पुरे, म्हणजे गळती न धरता सुमारे दोन ग्रॅम साखर. बाकीची साखर गोडीसाठी उरते. पण साखर फार झाली तर परासरणामुळे यीस्टच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ते मंदावतं. म्हणून जास्तीची गोडी पिठात न घालता सारणात घालायची.

दालचिनीची खोड

दालचिनीचा वास ज्या सिनॅमाल्डिहाइडमुळे येतो, ते बुरशीला मारक आहे आणि यीस्ट ही तर बुरशीच! आम्ही मुद्दाम दोन वाट्या लावल्या. एकीतल्या पिठात दालचिनी कालवली, दुसरीत नाही. दुसरी दुप्पट झाली तेव्हा पहिली जेमतेम दीडपट होती. धडा असा, की दालचिनी पिठात कालवायची नाही, सारणात घालून गुंडाळायची.

साहित्य आणि कृती

मैदा ३०० ग्रॅम, कोमट दूध १८० मिली, साखर ३० ग्रॅम, तूप ३० ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम, कोरडं यीस्ट ४ ग्रॅम. सारणासाठी किसलेला गूळ ६० ग्रॅम, दालचिनी पूड दोन चमचे, तूप २० ग्रॅम आणि खवा ५० ग्रॅम. खवा कशाला? भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा आमच्या भागात प्रसिद्ध. शिवाय वितळलेला गूळ तो धरून ठेवतो, बाहेर गळू देत नाही.

दुधात चमचाभर साखर व यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवावं. फेस आला की यीस्ट जिवंत आहे. फेस नसेल तर तिथेच थांबा, मैदा वाचेल. मग सगळं एकत्र करून गोळा ताणला तरी तुटत नाही इतका मळावा. झाकून दुप्पट होऊ द्यावा. लाटून सारण पसरावं, वळकटी करून आठ तुकडे कापावेत, तूप लावलेल्या डब्यात मांडावेत आणि पुन्हा फुगू द्यावेत.

दूध किती कोमट? हाताला सुखद वाटेल इतकं, चाळीस अंशांच्या आतलं. साठच्या आसपास यीस्ट मरतं.

हवामानाचा हिशेब

पाककृतीत "एक तास ठेवा" असं लिहिलेलं असतं. ते परंड्याच्या मे महिन्याला लागू नाही! चाळीस अंशांत पीठ भराभर फुगतं, आंबूस वास येतो आणि जाळं फाटून गोळा बसतो. म्हणून उन्हाळ्यात दूध थंड, यीस्ट निम्मं आणि गोळा माठाशेजारी. थंडीत उलट, डबा गोधडीत गुंडाळायचा. घड्याळापेक्षा गोळ्याकडे बघा. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला, तर पीठ तयार.

कुकरची भट्टी

मोठ्या कुकरच्या तळाशी बोटभर मिठाचा थर, त्यावर रिंग. शिट्टी आणि रबर काढायचं. हे विसरू नका, इथे दाब नको आहे. दहा मिनिटं तापवून डबा ठेवावा, मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. मीठ उष्णता साठवतं आणि सगळीकडे सारखी पसरवतं. पाण्यामुळे पावाचा गाभा शंभर अंशांच्या वर जात नाही. वरची बाजू मात्र फिकी राहते, कारण तांबूस रंगाला सुमारे १४० अंश लागतात आणि झाकणाखाली वाफ असते. उपाय सोपा: शेवटी पाव तव्यावर उलटा टाकून शेकून घ्यावा.

मावशी आता बाजाराच्या दिवशी दोन डबे करते. विकतील तेवढेच, कारण खव्यामुळे हा पाव दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवण्यात अर्थ नाही. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा कायदा, २००६ नुसार नोंदणी लागते. तो अर्ज भरून देणं हे भाच्याचं काम.

असो. हा प्रयोग हॉस्टेलच्या खोलीत कॉइलवर करू नका, रेक्टर सरांना वास लगेच येईल! घरी जाल तेव्हा करा. आणि एक गृहपाठ: पाव गार झाल्यावर आडवा कापा, वरची आणि खालची छिद्रं पाहा. ती लहानमोठी का, याचं उत्तर हीट ट्रान्सफरच्या पुस्तकात शोधा. सापडलं तर व्हायव्हात सांगायला एक चवदार उदाहरण होईल.