ऋतुपालट, आहार आणि शोधन

ऋतू पालटला की शरीराची शुद्धी करावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. आयुर्वेदाने वर्षाचे सहा ऋतू मानून प्रत्येकाची चर्या सांगितली आहे. वसंतात वमन, वर्षाऋतूत बस्ती व शरदात विरेचन असा क्रमही लावून दिला आहे. मात्र हे उपचार वैद्याने रोग्याचे बल पाहून करावयाचे असून बालके, गर्भवती व कृश व्यक्तींना ते वर्ज्य मानले आहेत, याचा अलीकडे सोयीस्कर विसर पडलेला दिसतो. आठ दिवस केवळ रस, काढे आणि जुलाबाची चूर्णे घेतल्याने अंगातील 'विष' निघून जाते, असा प्रचार सर्रास होत असतो. वस्तुतः त्याज्य द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत व मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. त्यांना हवे असते ते पुरेसे पाणी आणि सकस अन्न.

चंद्रपूर आणि 1982 मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या वनजिल्ह्यांत शोधनाची परंपरा आहे. पण ती शरीराच्या नव्हे, अन्नाच्या शोधनाची. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, बाजारात येतात. त्यांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. म्हणून ते बारीक चिरून, पाण्यात ठेवून, उकळून व ते पाणी टाकून देऊनच भाजी केली जाते. काही कडू रानकंदांच्या चकत्या वाहत्या पाण्यात ठेवून मग शिजवतात. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता साधलेले हे ज्ञान आहे.

लाखोळीच्या डाळीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. भाताच्या उभ्या पिकात, ओल असतानाच बी फेकून घेतले जाणारे हे पीक दुष्काळातही तग धरते. म्हणूनच ते गरिबाच्या ताटात आले. परंतु महिनोन् महिने हीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास मज्जातंतूंना इजा होऊन पाय कायमचे लुळे पडू शकतात. 1961 मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. डाळ गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी फेकले व पुन्हा भरपूर पाण्यात शिजवून तेही ओतून टाकले, तर विषद्रव्याचा बराच अंश निघून जातो. सगळा मात्र जात नाही, आणि पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात. पुढे रतन, प्रतीक यांसारखे कमी विषद्रव्याचे वाणही तयार करण्यात आले. तथापि या रोगाचे मूळ डाळीइतकेच दारिद्र्यात आहे. ज्याच्या ताटात तांदूळ, भाजी व दुसरी डाळ असते, त्याला लाखोळीचे भय फारसे नसते.

माडिया व गोंड समाजांत 'पंडुम' झाल्याखेरीज नवे फळ किंवा धान्य खात नाहीत. हाही ऋतूचा संयमच होय. त्यामुळे आंबा झाडावर पिकू दिला जातो. उन्हाळ्यात मोहफुले, तेंभुरे व चार, पावसाळ्यात तरोटा, कुड्याची फुले व सात्या, पुढे कोसरी आणि भात, अशी ताटाची अदलाबदल निसर्गच करीत असतो. सात्यांबाबत एक सावधगिरी हवी: ओळख पक्की नसलेली अळंबी शिजवल्यानेही निर्विष होत नाही.

येथील पावसाळा हा टंचाईचाही काळ आहे. घरातील धान्य संपत आलेले असते, नवा भात हाती यायला अवकाश असतो, रोवणीचे कष्ट मात्र ऐन भरात असतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी निम्मा उपवास परिस्थितीनेच घडवलेला असतो. त्यावर शुद्धीच्या नावाने आणखी लंघन लादणे अनर्थकारक ठरते. सिकलसेलच्या रुग्णांना तर याचा थेट धोका आहे. शरीरातील पाणी कमी झाले की त्यांच्या विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकून तीव्र वेदना सुरू होतात. म्हणून जुलाबाची औषधे व निर्जळी उपवास त्यांनी टाळावेत. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. आश्रमशाळेतील शिक्षकाला आपल्या वर्गातील कोणाला हा आजार आहे हे ठाऊक असेल, तर उपवासाच्या दिवशी त्या मुलाकडे लक्ष ठेवणे त्याला शक्य होईल.

गर्भवतींचा प्रश्न याहून नाजूक आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून 2015 पासून आदिवासी क्षेत्रातील गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण देण्याची व्यवस्था झाली. श्रावणात व्रतामुळे एखादी गर्भवती या जेवणाला येत नसेल, तर केवळ गैरहजेरीची नोंद करून भागणार नाही. अंगणवाडी सेविकेने किंवा महिला पंचायत सदस्याने तिच्या घरी जावे; आणि बोलावे ते तिच्या सासूशी, कारण उपवासाचा निर्णय बहुधा तिथेच होत असतो.