‘सैराट’ची चार गाणी आणि वर्गातला एक शब्द



दरवर्षी स्नेहसंमेलन जवळ आलं की आमच्याकडे एकच वाद. मुलांना ‘झिंगाट’वर नाचायचं असतं आणि आपल्याला देशभक्तीपर गीत हवं असतं. मीही बरीच वर्षं “शाळेत ही गाणी नकोत” असं म्हणणाऱ्यांतलीच होते. नंतर एक प्रसंग घडला आणि याच गाण्यांवर मी चौथीच्या वर्गात दोन तासिकांचा पाठ घेतला. तो कसा घेतला ते इथे देत आहे.

प्रसंग असा. मधल्या सुट्टीनंतर एक मुलगी उभी राहून म्हणाली, “बाई, मना पानी पायजे.” अर्धा वर्ग खो खो हसला. ती खाली बसली. त्या दिवशी ती पुन्हा काही बोलली नाही आणि पाणी प्यायलाही गेली नाही.

आपल्या रसायनीत असं होणं नवं नाही. पाताळगंगेच्या काठी कारखाने आले, रसायनांवरून गावाला हे नाव मिळालं आणि कामासाठी चहूकडून माणसं आली. एकाच बाकावर आगरी घरातलं मूल, वाडीवरचं कातकरी किंवा ठाकर मूल, मराठवाड्यातून आलेल्या कामगाराचं मूल आणि घरी हिंदी बोलणारं मूल बसतं. पुस्तकातली मराठी यातल्या फार थोड्यांच्या घरात बोलली जाते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी एकच शब्द लिहिला : याड. विचारलं, “हा शब्द कुठे ऐकलाय?” सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “सैराट!” मी विचारलं, “याचा अर्थ काय?” उत्तर आलं, “वेड.” मग विचारलं, “चुकीचा शब्द आहे का?” वर्ग गप्प. तिथून पाठ सुरू झाला.

१) आधी माहिती

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. संगीत अजय-अतुल गोगावले या भावांचं. ‘जोगवा’च्या संगीतासाठी त्यांना याआधीच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

अल्बममध्ये गाणी फक्त चार. ‘याड लागलं’ अजय यांनी गायलं. ‘आताच बया का बावरलं’ श्रेया घोषाल यांनी, ‘सैराट झालं जी’ अजय आणि चिन्मयी श्रीपदा यांनी, तर ‘झिंगाट’ दोघा भावांनी मिळून. या गाण्यांचं सिंफनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं. जुन्या हॉलिवूड सिनेमांचं संगीत जिथे ध्वनिमुद्रित झालं, तोच हा स्टुडिओ.

मुलांना नकाशात करमाळा शोधायला लावलं, मग लॉस एंजेलिस. एका मुलाने विचारलं, “बाई, तिथल्या वाजवणाऱ्यांना मराठी येत होतं का?” उत्तम प्रश्न! त्यांना येत होती स्वरलिपी. संगीत कागदावर लिहिता येतं आणि भाषा न कळणारा माणूसही ते वाचून वाजवू शकतो, हे मुलांना इथेच समजलं.

२) शंभर कोटी म्हणजे किती?

साधारण ४ कोटींत बनलेल्या या चित्रपटाने तिकीटबारीवर १०० कोटींचा टप्पा ओलांडला. मराठीत असं पहिल्यांदाच घडलं. आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्याचा आवाका कळत नाही. म्हणून गणित घातलं : एक तिकीट १०० रुपयांचं धरलं, तर १०० कोटी जमायला किती तिकिटं विकावी लागतील? १ कोटी! एकावर सात शून्यं. एका खेळाला ५०० माणसं बसली तर किती खेळ? २० हजार. शून्यं मांडताना मुलांची तोंडं बघण्यासारखी होती.

मात्र जमा झालेला गल्ला म्हणजे नफा नव्हे, हेही सांगावं. त्यातून कर जातो, थिएटरवाल्याचा आणि वितरकाचा वाटा जातो. मोहोपाड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या आईच्या मुलाने हे सगळ्यांत आधी ओळखलं : “बाई, पेटीत आलेले सगळे पैसे आपले नसतात, माल आणलेल्याचे द्यावे लागतात.”

गाण्यांचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. आपल्या लहानपणी कॅसेट विकली जायची. २०१६ पर्यंत गाणं मोबाइलवर, यूट्यूबवर आणि रेडिओवर आलं होतं. गाणी आधी घरोघर पोचली आणि त्यांनीच माणसं थिएटरात आणली. ‘झिंगाट’ लागलं की लोक पडद्यासमोर जाऊन नाचत, हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे २०१८ मध्ये हिंदी ‘धडक’ आला, तेव्हा ‘झिंगाट’ची चाल तीच राहिली, शब्द तेवढे हिंदी झाले.

३) “प्रादेशिक” म्हणजे कमी का?

इथे मोठ्यांसाठी थोडं जगातलं उदाहरण देते. मेक्सिकोतल्या बांदा, नोर्तेन्यो अशा गावाकडच्या संगीताला बाजारात ‘रीजनल मेक्सिकन’ असंच नाव आहे. बांदात पितळी वाद्यांचा ताफा असतो, अगदी आपल्या वरातीतल्या ब्रास बँडसारखा. नोर्तेन्योतलं अकॉर्डियन युरोपातून, जर्मन वगैरे वसाहतकऱ्यांबरोबर आलेलं. २०२३ मध्ये एस्लाबोन आर्मादो हा गट आणि गायक पेसो प्लुमा यांचं एक स्पॅनिश गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी पेसो प्लुमाचा ‘हेनेसिस’ हा अल्बम तिथल्या अल्बमांच्या यादीत तिसरा आला. तरी त्या संगीताचं नाव ‘प्रादेशिक’च!

आपल्या हळदीत वाजणारा बेंजोही असाच. तो मूळचा बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ जपानच्या तायशोगोतो या वाद्यात. म्हणजे ज्याला आपण अस्सल गावचं म्हणतो, तेही कुठून तरी चालत आलेलं असतं. जसे रसायनीत आपण सगळे आलो, तसंच.

४) खरा प्रश्न

आता मी परत फळ्यावरच्या शब्दाकडे आले. “‘याड’वर कुणी हसलं नाही. मग काल ‘मना’वर का हसलात?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, “बाई, ते गाणं फेमस आहे ना.”

खरं सांगते, या उत्तराने मीच अडखळले. कारण आपणही तेच करतो. बोलीतला शब्द शंभर कोटी कमावून आला की त्याला टाळ्या देतो आणि वर्गातल्या पोराच्या तोंडून आला की लाल पेनाने खोडतो. मी स्वतः कितीतरी वह्यांत ‘पानी’चं ‘पाणी’ केलं आहे. लिहिताना प्रमाणभाषा शिकवायलाच हवी, ते आपलं कामच आहे. पुढे परीक्षा, अर्ज, नोकरी सगळं त्याच भाषेत आहे. पण “हे चूक” असं न म्हणता “घरी आपण ‘मना’ म्हणतो, पुस्तकात ‘मला’ लिहितो” असं म्हणता येतं. दोन्ही शब्द मुलाजवळ राहतात. आधीचा हिसकावून घ्यायची गरज नाही.

नंतर फळ्यावर दोन रकाने केले, ‘घरचा शब्द’ आणि ‘पुस्तकातला शब्द’. पहिला शब्द सांगायला तीच मुलगी उठली. आता हा तक्ता वर्गात कायमचा आहे आणि मुलं आजीला विचारून त्यात भर घालतात.

५) पालक आणि शिक्षकांसाठी दोन सूचना

पहिली : गाणी आणि चित्रपट वेगळे ठेवा. ‘सैराट’चा शेवट जातीच्या अहंकारातून झालेल्या खुनाचा आहे. तो चौथीच्या मुलांसाठी नाही. पण मूल मोठं झाल्यावर हा चित्रपट त्याच्याबरोबर बसून जरूर बघा. ज्या गाण्यांवर अख्ख्या महाराष्ट्राने ठेका धरला, त्यांच्यामागची गोष्ट किती जणांनी मनावर घेतली, हा प्रश्न आपल्या मोठ्यांसाठी आहे.

दुसरी : संमेलनात अशी गाणी चालतात का? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळेला सवलत आहे. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं एवढेच प्रेक्षक असतील, तर ध्वनिमुद्रित गाणं वाजवता येतं. त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकणं मात्र या सवलतीत बसतं असं समजू नका.

त्या वर्षी संमेलनात मुलं ‘झिंगाट’वर नाचली. त्याआधी त्या मुलीने आजीकडून शिकलेला एक धवला म्हटला, आगरी लग्नात गातात तसा. चाल थोडी हलली, एक ओळ विसरली. मागे बसलेल्या बायकांनी ती ओळ पुरी करून दिली.

तुमच्या वर्गातल्या ‘घरच्या शब्दां’चा तक्ता करून बघा आणि अनुभव नक्की कळवा.