धाक हवा, पण कारणही सांगा

पालकहो, आपल्या खान्देशात ‘पोऱ्याले धाक पाहिजे’ म्हणणारे वडील आणि त्याच पोऱ्याला पाठीशी घालणारी आजी बहुधा एकाच घरात असतात. मूल लवकरच ओळखतं की कुणासमोर गप्प बसायचं आणि कुणाकडे हट्ट करायचा. घराचा नियम कोणता, हे मात्र त्याला कधीच कळत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960च्या दशकात बालवाडीतली मुलं आणि त्यांचे पालक अभ्यासले. काही पालक नुसता हुकूम सोडत, काही सगळंच चालवून घेत. तिसरे नियमाला पक्के होते, पण कारण सांगत आणि मुलाचंही ऐकत. या तिसऱ्या घरांतली मुलं त्यांना जास्त स्वावलंबी दिसली. पुढे 1983 मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथा प्रकार मांडला: मुलाकडे लक्षच नसणं. क्लासची फी भरून आणि मोबाइल हातात देऊन मोकळं होणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

तिसरी रीत आपल्याला परकी नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळत. मुलं पसारा टाकून शाळेत जात. गुरुजी रागावले नाहीत. ते स्वतः खोल्या झाडत, कपड्यांच्या घड्या घालत. मुलं ओशाळली आणि आपलं काम आपण करू लागली. मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिकही काढत. शिस्त होती, ती मायेतून आलेली.

त्यांच्या ‘श्यामची आई’तली आई मात्र पोहायला घाबरणाऱ्या श्यामला मारून विहिरीवर धाडते. ते मारणं आज मी कुणालाही सांगणार नाही. पण मुलाला भित्रं राहू द्यायचं नाही हा तिचा निर्धार, आणि नंतर जवळ घेऊन समजावणं, हे दोन्ही आपण घ्यावं.

आजच्या घरातलंच बघा: दहावीनंतर मुलाला ‘सायन्सच घ्यायचं’ म्हणणं हा हुकूम झाला. ‘तुला हवं ते कर’ म्हणणं म्हणजे त्याला एकटं सोडणं. त्याऐवजी गुण, आवड, घरची ऐपत हे सगळं त्याच्यासमोर उघडपणे मांडा, आणि तुमचं मत सांगण्याआधी त्याचं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐका.