तोच पेशंट, तीन नोंदी

डोंबिवलीत घरूनच मी थिसिसच्या आकडेवारीचं काम करतो. येणारी मुलं ठाणे-कळव्यापासून बदलापूर-टिटवाळ्यापर्यंतची. कुणी फिजिओथेरपीचं, कुणी नर्सिंगचं, कुणी आयुर्वेदात एमडी करणारं. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, टेस्ट कुठली लावू?" अभ्यासही बहुतेक एकाच साच्याचे. तेच पेशंट उपचाराआधी मोजले, मधे मोजले, शेवटी मोजले. अशा अभ्यासांतून जे हाती लागलं ते इथे देतो.

१. टेस्टच्या आधी मास्टर चार्ट बघा. गुडघेदुखीच्या एका थिसिसचा चार्ट समोर आला. साठ ओळी, एक रकाना वेदनेचा, एक आठवड्याचा. पेशंट होते वीसच, पण कुठली ओळ कुणाची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सॉफ्टवेअरने ते साठ वेगळे पेशंट धरले आणि निमूटपणे साधा अ‍ॅनोव्हा काढून दिला. केसपेपर जपून ठेवले होते, म्हणून ओपीडी नंबरवरून नोंदी पुन्हा जुळवता आल्या. पेशंट क्रमांकाचा रकाना नसेल तर पुढची सगळी चर्चा फुकट.

२. जोडी मोडली की निकाल बदलतो. विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ साली टी टेस्टचा जो लेख लिहिला, त्यात दहा पेशंटच्या झोपेचे आकडे आहेत. प्रत्येकाला तीच दोन औषधं दिलेली, आणि झोप किती तासांनी वाढली याची नोंद. हे वीस आकडे दोन स्वतंत्र गटांचे समजून टेस्ट लावली तर पी व्हॅल्यू येते ०.०८ च्या आसपास. गाईड म्हणतील, सिग्निफिकंट नाही. जोड्या धरून लावली तर ०.००३. आकडा एकही बदललेला नाही! कुणाला मुळात औषधाचा गुण जास्त येतो, कुणाला कमी; माणसामाणसांतला हा फरक जोडीत वजा होतो आणि औषधाऔषधांतला तेवढा उरतो. 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे आकडे 'स्लीप' नावाने तयार मिळतात. एकदा स्वतः करून बघाच.

३. नोंदी दोनच असतील तर पेअर्ड टी. फरकांचं वितरण नॉर्मलपासून फारच दूर असेल तर विल्कॉक्सन, उत्तर हो-नाही असेल तर मॅकनेमार. नॉर्मॅलिटी तपासायची ती फरकांची, मूळ आकड्यांची नव्हे. नोंदी तीन किंवा अधिक असतील तर याच क्रमाने रिपीटेड मेझर्स अ‍ॅनोव्हा, फ्रीडमन आणि कॉक्रनची क्यू. (हे फ्रीडमन म्हणजे पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन. टेस्ट १९३७ ची. व्हायव्हात कामी येतं.)

४. तीन नोंदी आल्या की स्फेरिसिटी आली. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या, दुसऱ्या-तिसऱ्या आणि पहिल्या-तिसऱ्या नोंदींतल्या फरकांचा विखुरलेपणा, म्हणजे व्हेरिअन्स, साधारण सारखा हवा. नसेल तर ग्रीनहाउस-गायसर दुरुस्तीची ओळ वाचा. एसपीएसएस ती त्याच तक्त्यात छापतं. मुलं मात्र वरचीच ओळ उचलतात.

५. सगळ्यांत जास्त वाद इथे होतो. दोन गट, एकाला नवा व्यायाम, दुसऱ्याला नेहमीचा. मुलं दोन्ही गटांना वेगवेगळी पेअर्ड टी लावतात. एकात ०.०३, दुसऱ्यात ०.०७, आणि लगेच निष्कर्ष: नवा व्यायाम सरस. पण दोन गटांची एकमेकांशी तुलना झालीच कुठे? प्रश्न गटांमधल्या फरकाचा आहे, तर टेस्टही त्याचीच हवी. सुरुवातीची नोंद हिशेबात घेऊन शेवटच्या नोंदींची तुलना करणारी अ‍ॅनकोव्हा लावा, किंवा गट आणि वेळ यांचं इंटरॅक्शन बघा. "मागच्या बॅचने असंच केलं होतं," हे उत्तर मी मान्य करत नाही.

६. फॉलो-अपला सगळे येत नाहीत. जुलैच्या पावसात गाड्या बंद पडल्या की टिटवाळ्याची आजी कळव्याला कशी पोचणार? अ‍ॅनोव्हाची नेहमीची पद्धत एक नोंद हुकली तरी तो पेशंट पूर्ण गाळते. मिक्स्ड मॉडेल उरलेल्या नोंदी वापरतं. गाड्यांमुळे हुकलेल्या नोंदी त्याला चालतात. पण गुडघा बरा वाटला म्हणून येणं सोडलं आणि तसं कुठे नोंदलंच नाही, तर कुठलंही मॉडेल ते भरून काढत नाही. म्हणून न येण्याचं कारण फोन करून विचारा आणि लिहून ठेवा.

७. माणूस औषधाशिवायही बदलतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पोषणाच्या अभ्यासात हाच मुद्दा लावून धरला होता: एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते आणि लागोपाठच्या दिवसांचे आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांच्या पोषणविषयक निष्कर्षांवर बराच वाद झाला, पण मोजणाऱ्याने हा मुद्दा विसरू नये. डोंबिवली स्टेशनचा जिना नुकताच चढून आलेल्या पेशंटची वेदना आणि अर्धा तास बाकावर बसलेल्याची वेदना एक नव्हे. वेळ ठरवा, विश्रांती ठरवा, आणि जमल्यास उपचाराआधी दोनदा मोजा.

८. टेस्ट कुठली, हे सायनॉप्सिस एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी ठरतं. नोंदी किती आणि गट किती हे तिथेच पक्कं होतं, सॅम्पल साइजही त्यावरूनच निघते. थिसिस जमा करायला आठवडा उरला असताना फोन करू नका. आधी या, आणि येताना रिकामा मास्टर चार्ट घेऊन या.