राम घाटाजवळचं घर भाड्याने देताना

उज्जैनला राम घाटाच्या वर आमचं जुनं घर आहे. वडिलांमागे भाडेकरू, दुरुस्त्या आणि कोर्टाच्या तारखा मीच सांभाळते. त्यातून कळलेलं सांगते.

1. भाडं गोठलं की घर खचतं. मागच्या खोलीच्या वर्षभराच्या भाड्यात पावसाळ्याआधी कौलंसुद्धा चाळून होत नसत. पाणी आधी सागवानी तुळईच्या टोकाशी मुरतं, मग भिंतीला पोपडे धरतात. मालकाला खर्च परवडत नाही आणि भाडेकरू परक्या घरावर पैसा घालत नाही.

2. कमी भाड्यापेक्षा घर अडकण्याची धास्ती मोठी. मध्य प्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण कायद्यानुसार थकबाकी किंवा स्वतःची खरी गरज असं ठरावीक कारण सिद्ध झाल्याशिवाय खोली रिकामी करून घेता येत नाही. त्यात वर्षं जातात. म्हणून आमच्या गल्लीत नवा मजला चढतो तो यात्रेकरूंसाठी. बिऱ्हाडाला खोली मिळत नाही.

3. तरीही भाडेकरूला संरक्षण हवंच. 2028 चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतोय. त्या वेळी यात्रेकरूंकडून होणाऱ्या कमाईपायी घाटावर हारफुलं विकणाऱ्या कुटुंबाला रातोरात बाहेर काढणं हा अन्यायच.

4. मुंबईकडे पाहावं. 1947 च्या कायद्याने तिथली भाडी 1940 च्या पातळीवर बांधली. पागडी फोफावली, चाळी मोडकळीला आल्या, आणि बिल्डर भाड्याच्या चाळींऐवजी मालकीचे फ्लॅट बांधू लागले. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण ती त्याच तुटपुंज्या भाड्यावर.

5. अकरा महिन्यांच्या करारावर विसंबू नये. आमच्याकडे वर्षाहून कमी मुदत ठेवली की सक्तीची नोंदणी टळते, एवढंच. भाडेकरूचे कायदेशीर हक्क त्याने संपत नाहीत. करार लेखी करावा, दर महिन्याला पावती द्यावी.

6. निकाल लवकर लागायला हवा. विधवा, निवृत्त सरकारी नोकर, दिव्यांग अशा घरमालकांना मध्य प्रदेशच्या 1961 च्या कायद्यात भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे थेट दाद मागता येते. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातही वेगळ्या प्राधिकरणाची तरतूद आहे. भाडेवाढ आधी ठरलेली असेल आणि तंटा वेळेत मिटेल, तर माझ्यासारखे लोक साठवलेला पैसा भाड्याच्या खोल्यांत आनंदाने घालतील. राहणाऱ्याला छप्पर आणि बांधणाऱ्याला भरवसा, दोन्ही एकाच कायद्याने द्यायला हवं.