पाणी लागलं का?

सेनगावात बोअरची गाडी आली की गल्लीतलं प्रत्येक माणूस एकच विचारतं, "पाणी लागलं का?" आमच्या घरामागे दोन बोअर आहेत. दोन्ही दोनशे फुटांचे, दोन्ही कोरडे. वडिलांनी वर दगड ठेवून ते झाकून टाकले होते. माझं पोटापाण्याचं काम पुण्यात, इमारतींच्या वातानुकूलनाचं. पाच उन्हाळ्यांपूर्वी ठरवलं, की या बोअरमधून गारवा काढायचा. घरातली उष्णता हवेत न फेकता जमिनीत सोडणारं यंत्र, म्हणजे ग्राउंड सोर्स हीट पंप, आपल्या मातीत बसवून पाहायचा. त्यात जे हाती लागलं आणि जे हुकलं, ते इथे मांडतो.

१. आधी दोरीला थर्मामीटर बांधा

मे महिन्यातली दुपार. अंगणात सावलीत ४३ अंश. बोअरमध्ये तीस फुटांवर थर्मामीटर सोडला, तोंडाला पोतं कोंबलं आणि तासाभराने ओढून काढला. २८ अंश. डिसेंबरच्या पहाटे शाल पांघरून पुन्हा मोजलं, तेव्हाही आकडा तिथेच घुटमळत होता. ऋतूंचा चढउतार जमिनीच्या वरच्या काही मीटरांतच विरून जातो. खालच्या मातीला वर्षाची सरासरी तेवढी कळते. अहमदाबादला आयआयएममध्ये प्रा. गिरजा शरण यांनी तीन मीटर खोलीवर जमीन २७ अंशांच्या आसपास असते, हे मोजून त्यावर पुढचं काम उभं केलं होतं. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्वारी पेवात ठेवली, बारवेच्या पायऱ्या उतरून दुपार काढली, ती याच भरवशावर. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या बारवेत उन्हाळ्यात उतरून पाहा. पायरीगणिक अंगाला फरक कळतो. अंगण आणि बोअर यांच्यातला हा पंधरा अंशांचा फरक आपलं भांडवल आहे. ते आपल्या जागेवर किती आहे, हे मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नका.

२. उनकेश्वरशी गल्लत होऊ देऊ नका

"जमिनीतली उष्णता" म्हटलं की आपल्याकडे लोकांना किनवट तालुक्यातलं उनकेश्वर आठवतं, गरम पाण्याचे झरे आठवतात. मी सुरुवातीला तांत्रिक शब्दांत समजावत राहिलो आणि समोरचे माना डोलवत उठून गेले. मग फ्रिज दाखवायला लागलो. फ्रिजच्या पाठीला हात लावा, गरम लागेल. आतली उष्णता तो मागे टाकतो. एसीही तेच करतो, पण ४३ अंशांच्या हवेत उष्णता ढकलताना त्याला धाप लागते आणि वीज जास्त जाते. तीच उष्णता २८ अंशांच्या जमिनीत सोडायला कमी जोर पुरतो. बोअरमध्ये खाली जाऊन वर येणारा पाइप बंद असतो, त्यात तेच ते पाणी फिरत राहतं. भूजलाचा थेंबही उपसला जात नाही. म्हणून तर कोरडा बोअर चालतो. हे कळलं की माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो.

३. काळी माती उन्हाळ्यात हात सोडते

यंत्र घेण्याआधी स्वस्तातला प्रयोग करून पाहिला होता. पाच फूट चर खणून शंभर फूट पीव्हीसी पाइप पुरला, एका टोकाला पंखा लावला आणि पाइपमधून फिरलेली हवा माजघरात सोडली. मार्चमध्ये झुळूक गार होती. मे उजाडला आणि पाइपमधून वाफच यायला लागली. उकरून पाहिलं तर जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा आणि माती पाइपपासून सुटलेली. काळी माती वाळली की आक्रसते. पाइप आणि माती यांच्यात पोकळी राहिली की उष्णता जायची कुठून? शिवाय कोरडी माती उष्णता फार हळू नेते, ओली माती पटकन नेते. दुसऱ्या वर्षी दहा फूट खोल, मुरमापर्यंत गेलो, पाइपभोवती वाळू भरली आणि मोरीचं पाणी त्या चरावर वळवलं. उन्हाळा साधला. पावसाळ्यात मात्र पाइपमध्ये दव धरून कुबट वास सुटला. पाइपला उतार आणि शेवटी पाणी गोळा करायला खड्डा ठेवायला हवा होता. ज्याच्या शेतात काळी माती आहे, त्याने हे दोन्ही धडे फुकटात घ्यावेत.

४. बोअर भरणं हेच खरं काम

बोअर पाडणारी गाडी कुठेही मिळते. आत काळा एचडीपीई पाइप सोडायलाही दोन माणसं पुरतात. चुकतं ते नंतर. पहिल्या बोअरमध्ये मी वरून नुसती वाळू ओतली. ती मध्येच अडकली, खाली पोकळ्या राहिल्या आणि पाइपमधलं पाणी गरम गेलं तसंच गरम परत यायला लागलं. दुसऱ्या बोअरमध्ये तळापर्यंत बारीक नळी सोडली आणि बेंटोनाइट माती व वाळूचं कालवण खालून वर चढवत आणलं. फरक पहिल्याच दिवशी दिसला. अशी भरणी केली की वरचं घाण पाणीही खडकातल्या पाण्यात उतरत नाही आणि उघड्या बोअरचा लेकरांना धोकाही उरत नाही.

हिशेब ढोबळ असा: आपल्या बेसाल्ट खडकात एसीच्या एक टन थंडाव्यासाठी ८० ते १०० मीटर बोअर धरावा, जागेनुसार कमीजास्त. आणखी एक. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर अंकुश ठेवला आहे. आपण पाणी उपसत नसलो, तरी खोल जायचं असेल तर आधी रीतसर विचारावं.

५. जमिनीलाही उसंत लागते

मला सगळ्यांत उशिरा कळलेली गोष्ट ही. स्वीडनमध्ये अशा यंत्रांनी लाखो घरं उबदार होतात. तिथे हिवाळाभर जमिनीतून उष्णता काढतात, उन्हाळा ती भरून देतो. आपल्याकडे आठ-नऊ महिने आपण जमिनीत फक्त टाकतच राहतो. आमच्या घरी संध्याकाळी पाइपमधलं पाणी ३८ अंशांवर जातं, पहाटे ३१ वर येतं. रात्रीची विश्रांती जमिनीला पुरते. मोठ्या इमारतीत पुरत नाही. एका इमारतीत हा हिशेब धरलाच नव्हता. तिसऱ्या उन्हाळ्यात जमीन इतकी तापली होती, की यंत्राचा फायदाच उरला नाही.

यावर आपल्याकडे एक सरळ उपाय आहे: आंघोळीचं पाणी. निवासी शाळा, मुलींचं वसतिगृह, ग्रामीण रुग्णालय, लॉज, सगळीकडे रोज पहाटे गरम पाणी लागतं. खोल्यांतून काढलेली उष्णता आधी त्या टाकीत टाकायची, उरलेली जमिनीत. थंडीच्या दिवसांत हेच यंत्र जमिनीतून उष्णता घेऊन पाणी तापवतं, तेवढीच जमीन पुढच्या मेसाठी निवते. म्हणून मी लोकांना सांगतो, ज्या इमारतीत शंभर माणसं आंघोळ करतात, तिथून सुरुवात करा.

६. पहिला खर्च छतावर करा

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्याने दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदं सोडली. आमच्या घरानेही सोडली. जीव महत्त्वाचा, ते योग्यच होतं. पण माळवदावरच्या जाड मातीखाली उन्हाळ्यातही झोप लागायची आणि स्लॅब मात्र रात्री बारापर्यंत ऊन ओकत राहतो. मी स्लॅबला पांढरा रंग दिला, पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवला, खिडक्यांना बाहेरून ताट्या लावल्या. दोन टनांचं यंत्र लागेल असं वाटलं होतं, ते दीड टनावर आलं, आणि म्हणूनच ते दोन कोरडे बोअर पुरले. घराने कमी मागितलं की जमिनीवरचा भार आपोआप हलका होतो.

७. वायू गळला की वर्षाची बचत गेली

दहा टनांची यंत्रणा रोज आठ तास, वर्षाला १२० दिवस चालते असं धरू. पाणी फिरवणाऱ्या पंपाची वीज वजा करून साध्या एसीच्या तुलनेत टनामागे ताशी ०.३ युनिट वाचलं, तर वर्षाला सुमारे २,९०० युनिट होतात. आपल्या देशात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण परळीसारख्या वीजकेंद्रांत कोळसाच जळतो. म्हणजे वर्षाला दोन टनांची बचत. आता दुसरी बाजू पाहा. आर-४१०ए हा शीतक वायू एक किलो गळला, तर तो एकटाच सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो. सांध्यातला एक ढिला नट वर्षभराची कमाई खाऊन टाकतो. जमिनीशी जोडलेलं यंत्र बसवलं म्हणून आपण निर्मळ झालो, असं समजू नये. बसवणारा कारागीर चांगला निवडा आणि त्याला दरवर्षी बोलवा.

८. आवाजाबद्दलचा प्रश्न टाळू नका

२१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्हा हादरला, दोन्ही वेळा तीव्रता ४.५. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरातली माणसं तर वर्षानुवर्षं जमिनीतले आवाज ऐकत आली आहेत. तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "बाळा, इतकी भोकं पाडून काही होणार तर नाही ना?" हसण्यावारी नेण्याचा हा प्रश्न नाही. भूकंप कित्येक किलोमीटर खाली उगम पावतो. आपला बोअर शंभर मीटरांच्या आतला, पाण्याच्या बोअरइतकाच. त्यात खडक फुटेल एवढ्या दाबाने काही भरलं जात नाही. हे मी त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं. पाइपवर त्यांचा हात ठेवला. त्यांची भीती गेली, आणि पुढे गल्लीला समजावण्याचं काम त्यांनीच केलं.

९. पाया खणण्याआधी बोला

२०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यानुसार देशाची थंडाव्याची गरज २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे आठपट होईल. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण आणलं, त्यात या यंत्रांनाही जागा आहे. धोरण आपल्या तालुक्यात उतरवायचं ते आपणच. इमारत उभी राहिल्यावर फरशा उखडून बोअर पाडायला कुणी तयार होत नाही. जागा मोकळी असते, गाडी सहज आत येते, तेव्हाच हे काम स्वस्तात होतं. सेनगाव, गोरेगाव, हिंगोली, कुठेही नवं वसतिगृह, दवाखाना किंवा मंगल कार्यालय बांधायचं मनात असेल, तर नकाशा कागदावर असतानाच निरोप द्या. दोरी आणि थर्मामीटर घेऊन मी येतो. आधी जमिनीला विचारू.